दाजींच्या नाकाला लेझर

पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन्ही टोकांना नाकाचा इतिहास आहे. नाशिकच्या टोकाला, पंचवटीत, लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं हे आपण आजीच्या मांडीवर ऐकलेलं. पुण्याच्या टोकाला कापलेलं नाक परत बसवून मिळत असे, आणि ही ऐकीव गोष्ट नाही, छापील आहे. कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं, वर एक हातही. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते होताना पाहिलं. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सगळी हकीकत चित्रासकट छापून आली. पुढे 1814 मध्ये लंडनला कार्प्यू नावाच्या सर्जननं तीच तऱ्हा वापरून नाक बसवलं आणि साहेबाच्या देशात प्लास्टिक सर्जरीचं घोडं पुढं गेलं.

त्या हकिगतीत कारागिराची सगळी कृती दिली आहे. जोडावर पानात घालतो तो कात ओला करून लावायचा, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवायच्या, रुग्णाला उताणं निजवायचं. आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास नव्या नाकाच्या दोन्ही भोकांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, भोकं बुजू नयेत म्हणून. मला या बोळ्यांचं फार कौतुक वाटतं. नाक दिसायला चांगलं झालं, गिऱ्हाईक खूश, आपले पैसे आले, असं म्हणून तो वीटवाला थांबला नाही. नाक श्वास घ्यायला असतं, हे त्याच्या लक्षात होतं.

नारायणगाव या दोन टोकांच्या मधलं, पुण्याहून पाऊणशे किलोमीटर. इथं नाक कुणी कापत नाही (निवडणुकीचे दिवस सोडून), बसवतही नाही. इथं ते चोंदतं. चोंदण्याची गावाला सवय आहे म्हणा. बायपास होईपर्यंत महामार्गच आमच्याकडं येऊन चोंदायचा, आणि शिवनेरी-लेण्याद्री-ओझर करायला निघालेली पुण्या-मुंबईची माणसं भर चौकात गाडीची काच खालीवर करत बसायची. डोळ्यांच्या बाबतीत मात्र गाव नशीबवान. आडनावानं आणि कामानं दोन्हीकडून डोळ्यांचे असलेले डॉ. मनोहर डोळे यांनी इथं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभं केलं. आदिवासी वाड्या-वस्त्यांवरची माणसं हाताला धरून येतात आणि हात सोडून परत जातात. नाकाला असा कुणी वाली भेटला नाही. दिसेनासं झालं की माणूस घाबरतो, ऐकू येईनासं झालं की घरचे वैतागतात, पण नाक बंद पडलं तर सगळे म्हणतात, सर्दी आहे, जाईल.

आमच्या दाजींची सर्दी ताईच्या लग्नाआधीपासून जाणार होती. लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकं चालू असताना दाजी तोंड उघडं ठेवून उभे आहेत. आमच्याकडच्या बायकांना वाटलं, ताईचं रूप बघून. ते श्वास घेत होते.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. दाजींचं कुणाला दाबावंच लागलं नाही. लोक म्हणायचे, हे नाकात बोलतात. ते साफ उलटं होतं. दाजींच्या नाकातून हवाच जात नव्हती, आवाज काय जाणार? म, न, ण या अक्षरांना नाक उघडं लागतं. ते बंद असलं की म चा ब होतो आणि न चा द. त्यामुळं दाजी आमच्या मामांना 'बाबा' म्हणायचे आणि नानांना 'दादा', आणि जमिनीच्या वाटणीच्या बैठकीत या 'बाबा'पायी नात्यांचा असा काही गुंता झाला की तलाठ्यानं पेन खाली ठेवलं. फोन उचलला की, "बी दारायडगावहूद बोलतोय." विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव, दर पाडव्याच्या आधी तमाशाच्या राहुट्या लागतात ते. आवाजाची पारख इथं पोराटोरांना आहे. राहुटीत जत्रेची सुपारी ठरवायला दाजी गेले की फडमालक आधी सोबतच्या माणसाकडं बघायचा, हे काय म्हणाले म्हणून.

वासाचं तर विचारूच नका. गावाबाहेर दाजींच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एकानं पोल्ट्री घातली. वारं फिरलं की आळीतल्या बायका पदर नाकाला लावायच्या. ग्रामसभेत अर्ज पडला. पाच जणांची कमिटी नेमली. दाजी निर्व्यसनी, शब्दाचे पक्के, आणि पोल्ट्रीच्या सगळ्यात जवळ राहणारे, म्हणून त्यांना अध्यक्ष केलं. कमिटी फाटकाशी गेली. चौघांनी रुमाल काढले. दाजी शेडच्या दारात जाऊन उभे राहिले, छाती भरून (तोंडानं) श्वास घेतला आणि म्हणाले, "बला तर काही वास येत दाही." प्रामाणिक माणूस, खोटं कशाला बोलेल? अहवालावर सही झाली. पोल्ट्रीवाल्यानं तो कागद लॅमिनेट करून ऑफिसात लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावला.

रात्रीची कथा वेगळी. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या आहे, हे आता सांगायला नको. वनखात्यानं माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच काढलंय. बिबट्या डरकाळी फोडत नाही, करवतीनं लाकूड कापावं तसा खर्र-खर्र आवाज काढतो, थांबतो, पुन्हा काढतो. उन्हाळ्यात दाजी ओट्यावर झोपले होते. पलीकडच्या फडात ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या. मध्यरात्री टोळीला तो आवाज आला: खर्र, खर्र, मग एकदम शांत, मग गुदमरल्यासारखं काहीतरी, आणि पुन्हा दुप्पट जोरानं खर्र. माणसांनी पोरं आत ओढली, डबे वाजवले, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं दिवाळीची उरलेली लड पेटवली. दाजी दचकून उठले आणि त्यांनी ताईला विचारलं, "कोद दिवडूद आलं?"

उपायांचं म्हणाल तर गावात नाकाचा डॉक्टर नसलेलं घर नाही. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगा. सुंठेचा लेप. वेखंड. रात्री झोपताना कोमट तुपाचे दोन थेंब. निलगिरीची वाफ. तपकीर ओढणाऱ्या एका म्हातारीनं डबी पुढं केली आणि म्हणाली, "ओढ रं, बंद नाक काय, बंद दार उघडंल." दाजींना सगळ्यात आवडायचा तो बाम. लावला की कसं गारगार, मोकळं वाटतं! गंमत अशी की कार्डिफच्या रॉन एक्लस या संशोधकांनी हे मोजून पाहिलंय. मेंथॉलनं नाकातून जाणारी हवा वाढत नाही. ती होती तेवढीच राहते. नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना मेंथॉल फसवतं आणि माणसाला वाटतं, वारं सुटलं. नाकाची ही खोड ध्यानात ठेवा. आत काय चाललंय आणि मालकाला काय वाटतंय, यांचा संबंध असेलच असं नाही.

दाजींचे वडील अण्णा जुन्या वळणाचे. घराबाहेर पडताना बोट नाकाखाली धरून बघायचे, सूर्य चालू आहे की चंद्र. उजवी नाकपुडी सूर्य, डावी चंद्र. जी चालू असेल त्या बाजूचा पाय आधी उंबऱ्याबाहेर. स्वरशास्त्रात हे सगळं बारकाईनं सांगितलंय, योगी लोक तर दांडा बगलेत दाबून स्वर बदलायचे, डावीकडं दाबला की उजवी नाकपुडी सुटते. हे थोतांड नाही बरं. कुशीवर झोपलं की वरची नाकपुडी मोकळी होते हे कुणीही आज रात्री करून बघावं. आणि दोन नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीनं काम करतात, हे 1895 मध्ये रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरनं लिहून ठेवलं. अण्णांनी कायझर वाचला नव्हता, कायझरनंही अण्णांना विचारलं नव्हतं, पण दोघांचा हिशेब जुळतो. पंचाईत दाजींची. सूर्यही बंद, चंद्रही बंद. पाय कुठला उचलायचा? म्हणून हा माणूस कुठंच वेळेवर पोचायचा नाही, असं ताईचं म्हणणं.

मग आले थेंब. मेडिकलवाल्यानं दिले. दोन थेंब टाकले आणि पाच मिनिटांत दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा मिटल्या तोंडानं श्वास घेतला. त्यांनी मला मुद्दाम फोन केला आणि नुसतंच म्हणाले, "मामा." म चा म! मला भरून आलं. पण या थेंबांचं असं असतं की चार-पाच दिवस ते तुमची चाकरी करतात, पुढं तुम्ही त्यांची. औषधानं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, असर उतरला की त्या सूड घेतल्यासारख्या फुगतात, पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. वेष्टनावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दाजींच्या खिशात पाकीट नसलं तरी बाटली असायची. एक बंडीत, एक ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सात, एक देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्यामागं. ताई म्हणायची, "बिडी ओढली असती तर लोकांना सांगता तरी आलं असतं."

2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटनं दोन हजारांच्या वरचा भाव पाहिला. आदल्या महिन्यांत ज्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला होता, त्यांच्या शेजारचे दोन-चार जण एका तोड्यात उभे राहिले. कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बंगल्याला वरचा मजला चढवला. दाजींनी ठरवलं, नाक उघडून घ्यायचं. आणि घ्यायचं तर लेझरनंच.

हा शब्द त्यांनी कुठून उचलला ते सांगणं अवघड नाही. स्टँडच्या आसपास लेझरनं होत नाही असं काही उरलेलंच नाही. मूळव्याध लेझरनं, मुतखडा लेझरनं, चष्मा लेझरनं, नको त्या जागचे केस लेझरनं. ऑपरेशन म्हटलं की माणूस बिचकतो, लेझर म्हटलं की नातेवाइकांना सांगायला बरं वाटतं. "चिरफाड दाही, लेझर आहे," हे वाक्य दाजी आधी महिनाभर बोलत होते. फक्त अण्णांच्या पोटात गोळा आला होता. त्याच वर्षी पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीनंतर डीजेच्या लेझरनं काहींचे डोळे बिघडल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. "नाकात मारतील ते वर डोळ्यात गेलं म्हणजे?"

गावाकडच्या घराचा पुण्यात राहणारा मेहुणा हा दवाखान्यांचा सरकारनियुक्त प्रतिनिधी असतो. त्याचा पेशा काय आहे, त्याला यातलं काय कळतं, हे कुणी विचारत नाही. अपॉइंटमेंट, डबा, पार्किंग आणि 'डॉक्टर ओळखीचे आहेत ना?' ही चारही खाती त्याच्याकडं. मी दाजींना एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं नेलं. बरोबर ताई, अण्णा, दाजींचे चुलतभाऊ आणि ज्याच्या गाडीतून आले तो मालक, कारण गाडी त्याची होती.

डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली आणि समोरच्या टीव्हीवर दाजींचं अंतरंग उघडं झालं. आमच्याकडं टीव्ही लागला की सगळे गप्प बसतात. गुलाबी, ओलसर भिंती. दोन्हीकडून दोन फुगीर गाद्या आत आलेल्या, मधल्या पडद्याला टेकलेल्या. वाट नावाची गोष्ट नाही. ताई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाहेरून एवढं मोठं नाक, आणि आत जागाच नाही." चुलतभाऊ म्हणाले, "हाड वाढलंय." गावात नाकाचं सगळं काही हाड वाढल्यामुळं होतं.

"हाड नाही," डॉक्टर म्हणाले. "टर्बिनेट." नाकात प्रत्येक बाजूला असे तीन उंचवटे असतात, त्यातला खालचा सगळ्यात मोठा. आत पातळ हाड, वर रक्तानं भरलेली गादी. बाहेरची हवा गरम करणं, ओली करणं, धूळ अडवणं ही तिची कामं. माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या वर हवा आत घेतो. थंडीत पहाटे जुन्नरच्या शिवारातली बोचरी हवा नाकात शिरते आणि घशापाशी पोचेपर्यंत जवळजवळ अंगाएवढी गरम होते, ती या गादीमुळं. ऍलर्जी असली, सारखी धूळ असली, थेंबांची चाकरी असली, की ती फुगते आणि फुगलेलीच राहते. दाजींच्या बाबतीत तिन्ही होतं. दोन्ही बांधांना काँग्रेस गवत. हे गवत 1955 च्या सुमारास आधी पुण्यात दिसलं आणि मग देशभर गेलं, तेव्हा पुण्यानं नाकांसाठी जे केलं त्यात हेही धरायला हवं. शिवाय बाजारातल्या ट्रकांची धूळ, बाजरीचं खळं, बराखीतल्या कांद्याची पात.

डॉक्टरांनी आळीपाळीची गोष्ट सांगितली तेव्हा अण्णा खुर्चीत पुढं सरकले. पण दाजींच्या डोक्यात ती शिरेना. दोन नाकपुड्या असताना एकीनंच काम करायचं, हा त्यांना निव्वळ कामचुकारपणा वाटला. शेवटी मीच म्हटलं, "दाजी, कुकडीचं आवर्तन असतं ना, तसं. दोन्ही कालव्यांना एकदम पाणी सुटत नाही. एकाची पाळी चालू असते तेव्हा दुसरा कोरडा, आणि तेवढ्यात त्याची डागडुजी." दाजींचा चेहरा उजळला. मग पडला. "ब्हंजे आपड टेलला," ते म्हणाले. कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याला पाळी आली तरी पाणी येत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला त्यांचं नाक समजेल.

डॉक्टर मोठे चिवट निघाले. आधी थेंब बंद, रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, स्टेरॉइडचा स्प्रे दोन महिने नेमानं मारा, मग बघू. दाजींनी तो स्प्रे दोन दिवस मारला आणि फोन केला, फरक दाही. गावाकडं औषधाला दोन दिवसांची मुदत असते आणि देवाला दोन वर्षांची. ताईनं पहारा ठेवून तो दोन महिने मारायला लावला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग तारीख ठरली.

लेझर ही जर्मनी-जपानची करामत असणार, असं चुलतभाऊ वाटेत सांगत होते. मला राहवलं नाही. पहिला लेझर 1960 मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमननं पेटवला खरा, पण शस्त्रक्रियेत पुढं ज्याचं नाव झालं तो कार्बन डायऑक्साइडचा लेझर 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये सी. कुमार पटेल यांनी काढला. त्याचा किरण पाण्यात शोषला जातो, आणि आपलं मांस म्हणजे बव्हंशी पाणीच, म्हणून तो नेमका वरचा थर उडवतो. हे पटेल जन्मले 1938 मध्ये, बारामतीत. इंजिनिअर झाले पुण्याच्या सीओईपीत. गाडीत क्षणभर शांतता पसरली. मग गाडीमालक म्हणाले, "तरीच. जिल्ह्यातलं कुठलं काम बारामतीशिवाय होतंय?" दाजींना एकदम धीर आला. आपलं नाक योग्य ठिकाणी पोचलंय अशी त्यांची खात्री पटली. पुढं डॉक्टरांकडं चौकशी केली तेव्हा त्यांचं यंत्र डायोड लेझरचं निघालं, बारामतीशी थेट नातं नसलेलं. हे मी दाजींना अजून सांगितलेलं नाही.

ऑपरेशनच्या आधी दाजींनी डॉक्टरांशी घासाघीस केली. पैशांची नाही, मांसाची. "डॉक्टर, एवढं लांबूद आलोय, तर सगळंच काढूद टाका. पुद्हा फुगायला दको." डॉक्टर हसले नाहीत. पूर्वी असं काढत असत, ते म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला बामाची आठवण झाली. ज्यांची ही गादी पार काढून टाकली, त्यातल्या काहींची नाकं आतून रिकामी भगदाडं झाली. हवा धो-धो जाते, दुर्बिणीतून बघितलं तर मैदान मोकळं, आणि माणूस तक्रार करतो की माझं नाक बंद आहे, मी गुदमरतोय. हवा आत येतेय हे कळवणाऱ्या नसाच गादीबरोबर गेलेल्या. 1994 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कर्न आणि स्टेन्क्विस्ट या दोघांनी या दुखण्याला 'एम्प्टी नोज सिंड्रोम' असं नाव दिलं. "म्हणून मी जेवढ्यास तेवढंच करणार. आणि लेझर म्हणजे जादू नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीनं होतं, दुसऱ्या यंत्रांनीही होतं. ऍलर्जी जाणार नाही, काही वर्षांनी गादी परत थोडी फुगूही शकते."

दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, हे डॉक्टर कबी करतो म्हणतायत. दुसरा बघायचा का, जास्त करणारा?" शहाण्या सर्जनची हीच शोकांतिका आहे. कमी कापणाऱ्याला भाव कमी.

खरं ऑपरेशन सांगण्यासारखं नाही. बाहेर आम्ही दोन चहा घेईपर्यंत आटोपलं. दाजींनीच नंतर रंगवून सांगितलं. नाकात बधिर करायच्या औषधाचे बोळे, म्हणजे कावसजीच्या वेळचं तेवढं अजून टिकून आहे. मग खोलीतल्या सगळ्यांनी रंगीत चष्मे चढवले, दाजींनाही चढवला. "शूटिंगला आल्यावाणी." एक केसाएवढी तार आत गेली आणि यंत्र पिक-पिक वाजू लागलं. दुखलं नाही. फक्त काहीतरी भाजल्याचा वास आला, असं ते म्हणाले.

"दाजी," मी म्हटलं, "वास आला?"

ते थांबले. नाक बधिर, आत बोळे, तरी आला होता. निदान तसं त्यांना वाटलं होतं. नाकाच्या साक्षीवर मी आता विश्वास ठेवत नाही, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढचे दोन आठवडे मात्र घरात कुणी 'लेझर' शब्द काढायचा नाही असा दंडक होता. भाजलेल्या जागेला आधी सूज येते, खपल्या धरतात, आणि नाक पूर्वीपेक्षाही घट्ट बसतं. डॉक्टरांनी हे सांगितलेलं होतं, कागदावर लिहून दिलेलं होतं, पण पैसे मोजून नाक आणखी बंद करून घेतलं असा गावभर बोभाटा व्हायला तेवढं पुरेसं होतं. भेटायला येणारे नाकाकडं बघत बसायचे, जणू लेझर बाहेरून दिसणार होता. एक जण म्हणाला, "काहीच फरक दिसत नाही." एकानं ओव्याची पुरचुंडी आणली. ताई रोज सकाळी उकळून गार केलेलं मिठाचं पाणी घेऊन उभी राहायची, आणि न्हाणीतून असे आवाज यायचे की टोळी नसताना कुत्री भुंकायची. महिना उलटता उलटता एका रात्री ताईला जाग आली. शेजारी आवाज नव्हता. तिनं घाबरून दाजींच्या नाकाखाली बोट धरलं. डावीकडून हवा येत होती. चंद्र चालू होता.

आता दाजींचा मामा मामा आहे आणि नाना नाना. सगळ्या कोऱ्या अक्षरांचं त्यांना इतकं अप्रूप की 'मनमाड' आणि 'नमुना' हे शब्द ते कारण नसताना वापरतात. वासाचं सुख मात्र त्यांनी नीट विचार न करता मागितलं होतं. पहिले दोन दिवस ते वस्तीवर फिरून फिरून वास घेत होते. चुलीवरची मासवडी, ओली माती, द्राक्षबागेतली फवारणी, एसटीतली माणसं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या कुठल्या आकाशगंगेतला हायड्रोजन पकडतात म्हणे, दाजी त्याच तन्मयतेनं शेजारच्या घरात काय शिजतंय ते सांगायचे. तिसऱ्या दिवशी वारं फिरलं.

आळीतल्या बायका सांगतात, दाजी ओट्यावर चहा पीत होते. कप खाली ठेवला, उभे राहिले, वरच्या अंगाला बघत राहिले आणि ताईला म्हणाले, "हे काय आहे?"

ताई म्हणाली, "ही पोल्ट्री. आठ वर्षं आहे."

पुढच्या ग्रामसभेत वासाविरुद्धचा पहिला अर्ज दाजींचा होता. दोन पानी, मुद्देसूद, आणि न-म जागच्या जागी. पोल्ट्रीवाला तयारीनं आला होता. त्यानं पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला आणि सरपंचांसमोर टेबलावर ठेवला. "दाजी, ही सही कुणाची? वास येत नाही म्हणून लिहून कुणी दिलंय?"

दाजींनी कागद उचलला, तारीख बघितली, कागद परत ठेवला.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "नाक जुनं आहे."